खाटेशेजारची सोबत : आपल्या साहित्यातील आजारी मूल

भारतीय भाषांतील साहित्यात मुलाचा मृत्यू पुष्कळ वेळा आला आहे. मुलाचे आजारपण मात्र फार थोड्या वेळा आले आहे. या दोन गोष्टी एकच समजण्याची सवय आपल्या समीक्षेला जडली आहे, आणि प्रस्तुत लेखाचा प्रारंभ या सवयीविषयीच्या तक्रारीपासूनच करावासा वाटतो. मृत्यू ही घटना आहे. ती घडून गेल्यावरच कवी लेखणी हाती घेतो. आजारपण हा काळ आहे. त्यात काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते. आईबापांना नसते, डॉक्टरांना पुरते नसते, आणि ज्याच्या देहात ते चालले आहे त्या मुलाला तर ते सांगितलेलेच नसते. मृत्यूसाठी विलापिका हा काव्यप्रकार हाताशी तयार होता. गडकऱ्यांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेतील आई मृत बाळाला मांडीवर घेऊन ते झोपले आहे असे म्हणते, तेव्हा मराठी वाचकाला त्या अनुभवाचा घाट आधीपासून परिचित असतो. निरालांच्या ‘सरोज-स्मृति’ (१९३५) या दीर्घ कवितेत मुलगी मोठी आहे, विवाहित आहे. पण तिच्यासाठी आपण काही करू शकलो नाही ही पित्याची कबुली त्या कवितेचा कणा आहे. दोन्ही कविता थोर आहेत. मात्र दोन्हींचा आरंभ मुलाचे आजारपण संपल्यानंतर होतो. त्याआधीच्या रात्री, औषधाच्या वेळा, ताप मोजणारे हात, ‘मला काय झालंय?’ हा प्रश्न आणि त्याला दिलेले किंवा टाळलेले उत्तर यांना कवितेत प्रवेश मिळालेला नाही.

याचे एक कारण वाङ्मयबाह्य आहे आणि ते लक्षात घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुलाचे गंभीर आजारपण हे फार दिवस चालणारे प्रकरण क्वचितच असे. पटकी, देवी, घटसर्प, प्लेग, विषमज्वर. सारा प्रश्न काही दिवसांचा किंवा फार तर काही आठवड्यांचा. मूल बरे तरी होई किंवा जाई. आईबापांच्या वाट्याला येई ती धावपळ, नवस, दृष्ट काढणे, वैद्याची प्रतीक्षा. आणि मग शोक तरी किंवा सुटकेचा निःश्वास तरी. महिनोन्महिने, वर्षानुवर्षे रुग्णालयाच्या वाऱ्या करीत मूल वाढवणे हा पालकत्वाचा प्रकार त्या मानाने नवा आहे. त्याच्या जन्मवेळेची एक खूण सांगता येते. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत काम करीत होते. त्यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन हे औषध बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले. सोळा मुलांपैकी दहांना उतार पडला. तो उतार तात्पुरता होता; पण जो आजार तोपर्यंत थोड्याच काळात मुलाला घेऊन जात असे, त्यात प्रथमच काही महिन्यांची फट पडली. पुढल्या दशकांत ती फट रुंदावत गेली. आज श्रीमंत देशांत या आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातून दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात, आणि त्यासाठी दोन-तीन वर्षे औषधे घ्यावी लागतात. म्हणजे विज्ञानाने आईबापांना केवळ आशा दिली असे नाही. त्यांना वाट पाहण्याचा एक प्रदीर्घ काळ दिला. या काळाला साजेसा वाङ्मयप्रकार कोणता, हा प्रश्न आपल्याकडे कोणी गांभीर्याने विचारलेला नाही.

ज्या थोड्या कलाकृतींनी या प्रदेशात पाऊल टाकले आहे, त्यांपैकी प्रेमचंदांची ‘मंत्र’ (१९२८) ही कथा प्रथम घेतली पाहिजे. म्हातारा भगत आपल्या आजारी मुलाला डोलीत घालून डॉक्टर चढ्ढांच्या दारी येतो. सात मुलांपैकी हे एकच उरले आहे. डॉक्टरांची गोल्फ खेळायला जाण्याची वेळ झालेली असते. म्हातारा पागोटे उतरवून उंबऱ्यावर ठेवतो, विनवण्या करतो. डॉक्टर उद्या सकाळी यायला सांगून मोटारीत बसतात. त्याच रात्री मूल जाते. पुढे कित्येक वर्षांनी डॉक्टरांच्या तरुण मुलाला साप चावतो आणि थंडीच्या रात्री काठी टेकीत तोच भगत त्याला वाचवायला जातो. या उत्तरार्धामुळे कथा नीतिकथेकडे झुकते हे खरे, आणि पाठ्यपुस्तकांनी तिला तसेच वाचले. तरीही भगताच्या मनात चाललेला झगडा, शत्रूच्या घरी दुःख आल्याचा त्याला आधी झालेला आनंद आणि मग पायांनी मनाला न विचारता धरलेली वाट, हे प्रेमचंदांनी इतक्या नेमकेपणाने टिपले आहे की नीतिबोध बाजूला ठेवूनही कथा उरते.

मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने पूर्वार्धच अधिक महत्त्वाचा ठरतो. उंबऱ्यावर ठेवलेले पागोटे ही भारतीय साहित्यातील बापाची सर्वांत लक्षात राहणारी आकृती आहे: उपचार दाराच्या आत आहेत, मूल दाराच्या बाहेर आहे, आणि मध्ये बाप वाकलेला आहे. चेखॉवच्या ‘शत्रू’ (१८८७) या कथेशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. तेथे नुकताच ज्याचा सहा वर्षांचा मुलगा घटसर्पाने गेला आहे तो बाप स्वतःच डॉक्टर आहे, आणि दाराशी दुसरा माणूस आर्जव करतो आहे. दोघांनाही दुःख माणसांना जवळ आणील याची खात्री वाटत नाही. परंतु दोन्ही कथांत मूल बोलत नाही. चेखॉवच्या कथेत ते गेलेलेच आहे. प्रेमचंदांच्या कथेत ते डोलीच्या पडद्याआड आहे. तो पडदा दूर करून मुलाला काय वाटते आहे हे विचारण्याची गरज कथेला भासत नाही, कारण तिचा वाद बाप आणि डॉक्टर यांच्यातला आहे. मूल हे त्या वादाचे निमित्त आहे. आजारी मुलाविषयीच्या आपल्या बहुसंख्य लेखनाची हीच गत आहे.

पडदा दूर केला तो रवींद्रनाथांनी. ‘डाकघर’ हे नाटक १९११ साली लिहिले गेले व १९१२ साली प्रसिद्ध झाले. त्यामागे असलेली वर्षे आठवणे अगत्याचे आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात पत्नी मृणालिनीदेवी गेल्या. पुढल्याच वर्षी मधली मुलगी रेणुका क्षयाने आजारी पडली आणि कवी तिला हवापालटासाठी अल्मोड्याला घेऊन गेले. ‘शिशु’ या संग्रहातील पुष्कळशा कविता त्या मुक्कामात लिहिल्या गेल्या. खोकणाऱ्या मुलीच्या उशाशी बसून, आईविना झालेल्या मुलांसाठी बाप आई-मुलाच्या संवादाच्या कविता लिहितो, ही वस्तुस्थिती ‘शिशु’च्या रसिकांनी कधी पुरेशी ध्यानात घेतली आहे असे वाटत नाही. रेणुका त्याच वर्षी गेली. १९०७ मध्ये धाकटा शमींद्र मुंगेर येथे पटकीने गेला. म्हणजे ‘डाकघर’ लिहिणारा माणूस आजारी मुलाच्या खोलीत नवखा नव्हता. तो होमिओपॅथीची पुस्तके वाचून स्वतः औषधे देणारा, ताप पाहणारा, रात्री जागणारा बाप होता.

असे असूनही या नाटकाची समीक्षा जवळजवळ सर्व भाषांत एकाच वाटेने गेली. अमल म्हणजे जीवात्मा, खिडकी म्हणजे मुक्तीची आस, राजा म्हणजे परमात्मा, त्याचे पत्र म्हणजे मरण. हा अन्वयार्थ चूक आहे असे नाही. कवीनेच त्याला आधार पुरवलेला आहे. पण तो इतक्या घाईने स्वीकारला गेला की नाटकात एक आजारी मूल आहे आणि त्याला सांभाळणारा एक भेदरलेला गृहस्थ आहे, हे आपण विसरूनच गेलो. माधव दत्त हा अमलचा जन्मदाता नव्हे. त्याने हे मूल दत्तक घेतले आहे. पूर्वी पैसा मिळवणे हे आपल्याला नुसते व्यसन होते, आता या मुलासाठी मिळवतो म्हणून त्यात आनंद आहे, असे तो सांगतो. आणि आता हेच मूल हातचे जाणार म्हणून तो कविराजाच्या प्रत्येक शब्दाला चिकटून राहतो. कविराज संस्कृत वचने फेकतो, शरद ऋतूचे ऊन-वारे वर्ज्य सांगतो. माधव दारे-खिडक्या बंद करतो. समीक्षकांनी माधवाला संसारी, संकुचित, आत्म्याला कोंडणारा असे म्हटले आहे. ज्याने कधी गंभीर आजारी मुलाची जबाबदारी घेतली असेल त्याला माधव इतका सहज निकालात काढता येणार नाही. वैद्याने सांगितलेले पथ्य मोडून मुलाला अंगणात जाऊ देण्याचे धैर्य किती बापांना होईल? आणि न झाल्यास तो त्यांचा दोष म्हणावा काय?

‘डाकघर’मधील खरी नाट्यवस्तू, माझ्या मते, अमलशी कोण काय बोलते यात आहे. माधव त्याला मनाई करतो, पण का ते सांगत नाही. गावचा मोडल त्याची थट्टा करतो. कोरा कागद दाखवून हे राजाचे पत्र म्हणतो. ठाकुरदा फकिराचे सोंग घेऊन येतो आणि दूरदेशीच्या गोष्टी रचून सांगतो. त्याच कोऱ्या कागदावर त्याला राजाचा मजकूर दिसतो. दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी सुधा ही मंडळी त्याच्याशी आपापल्या कामाविषयी बोलतात, जसे कोणत्याही मुलाशी बोलावे तसे. तुला फार बरे नाही, तू कदाचित बरा होणार नाहीस, हे वाक्य मात्र कोणीही उच्चारत नाही. ते मुलाला ठाऊक आहे की नाही, हे नाटक अखेरपर्यंत अनिश्चित ठेवते. मोठ्यांच्या असत्याचे हे तीन प्रकार, भयापोटी धरलेले मौन, क्रूर थट्टा आणि मायेने रचलेली कहाणी, एकाच खोलीत समोरासमोर आणून त्यांतला कोणता क्षम्य हे प्रेक्षकावर सोडणे ही रवींद्रनाथांची कामगिरी आहे. ठाकुरदाची कहाणी आपल्याला भावते, कारण ती सुंदर आहे. पण सुंदर असत्यही असत्यच असते. आणि अमलने ती खरी मानली म्हणून ती निर्दोष ठरते का, हा प्रश्न विचारायला हवा होता.

तो एका वेगळ्या अर्थाने विचारला गेला तो वॉर्सामध्ये. जुलै १९४२ मध्ये वॉर्सा घेट्टोतील अनाथाश्रमात यानुश कोर्चाक यांनी मुलांकडून ‘डाकघर’चा प्रयोग करविला, ऑगस्टच्या आरंभी त्या मुलांना आणि कोर्चाकांना त्रेब्लिंका येथे नेण्यात आले. हा प्रसंग भारतात अनेकदा सांगितला जातो, पण तो सांगताना कोर्चाक हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ होते, आश्रम हाती घेण्यापूर्वी त्यांनी वॉर्सातील मुलांच्या रुग्णालयात कित्येक वर्षे काम केले होते, याचा उल्लेख सहसा नसतो. मुलांच्या हक्कांची मांडणी करताना त्यांनी मुलाच्या ‘आजच्या दिवसाच्या’ हक्काबरोबर त्याच्या मृत्यूच्या हक्काचाही समावेश केला होता. आईबापांना हे शब्द ऐकवत नाहीत. त्यांचा रोख मात्र माधवाच्याच खोलीकडे होता: मुलाचे मरण टाळण्याच्या भीतीने आपण त्याचे जगणेच बंद करीत नाही ना? इतक्या वैद्यांनी, इतक्या आजाऱ्यांसाठी लिहिलेल्या नाटकांतून एका बालवैद्याने हेच नाटक निवडावे, यात त्या नाटकाचे आजाराशी असलेले नाते सिद्ध होते.

आपल्या साहित्यात जे अजिबात आढळत नाही ते पाहण्यासाठी क्षणभर भारताबाहेर जावे लागेल. जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांचा मुलगा हिकारी १९६३ साली मेंदूच्या गंभीर व्यंगासह जन्मला. पुढल्याच वर्षी त्यांची ‘एक खाजगी बाब’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी आली. तिचा नायक, ज्याला सारे ‘बर्ड’ या टोपणनावाने ओळखतात, आपल्या व्यंग असलेल्या अर्भकाने मरावे अशी इच्छा करतो. दुधाऐवजी साखरपाणी देऊन ते क्षीण होत जाईल याची वाट पाहतो. दारू पितो, पळतो, आणि अखेरीस परत येऊन शस्त्रक्रियेला संमती देतो. हा शेवट फार लवकर येतो असा आक्षेप घेतला गेला आहे आणि तो मला मान्य आहे. पण आपल्या कोणत्या भाषेतील पित्याला लेखकाने इतके कुरूप होऊ दिले आहे? आपला बाप एक तर पागोटे उंबऱ्यावर ठेवतो किंवा शोक करतो. तो थकत नाही, चिडत नाही, हे एकदाचे संपू दे असे त्याच्या मनात येत नाही. रुग्णालयाच्या बाकावर चार रात्री काढलेल्या कोणत्याही माणसाला ठाऊक असते की असे येते.

मराठीत या विषयाला सर्वांत थेट भिडलेली कलाकृती म्हणून ‘श्वास’चे नाव घ्यावे लागते. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला २००३ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने हा मान मराठीकडे आला. कोकणातल्या खेड्यातून एक आजोबा आपल्या नातवाला, परशुरामला, शहरातल्या रुग्णालयात घेऊन येतात. मुलाला दिसेनासे होऊ लागले आहे. निदान होते ते डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. दुसरा पर्याय नाही.

वरवर पाहता हा निर्णयाचा चित्रपट वाटतो. परंतु निर्णय असा काही नाहीच. संमतीपत्रावर सही करण्यावाचून आजोबांपुढे मार्ग नाही. चित्रपटाची खरी पकड आहे ती सांगण्यावर. शस्त्रक्रियेपूर्वी हे मुलाला कळले पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. कोणी सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘यापुढे कधीच दिसणार नाही’ या वाक्याचा अर्थ कसा पोहोचवायचा? ‘डाकघर’ने जो प्रश्न उघडा ठेवला होता तो येथे एका रुग्णालयीन कर्तव्याच्या रूपाने दारात येऊन उभा राहतो. आधुनिक वैद्यकाने ठाकुरदाची सोय काढून घेतली आहे. वैद्यकीय समाजसेविका येथे डॉक्टर आणि आजोबा यांच्यात दुभाष्याचे काम करते. दोघेही मराठीच बोलतात, तरीही दुभाष्या लागतो, हे निरीक्षण मला या चित्रपटातील सर्वांत मोलाचे वाटते. शब्दाचा अर्थ कळणे आणि तो शब्द आपल्या मुलाला लागू आहे हे कळणे, यांत केवढे अंतर असते!

शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा मुलाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात आणि शहर दाखवतात, हा भाग प्रेक्षकांना सर्वाधिक आवडला. मला तो काहीसा खटकला. डोळे जाण्यापूर्वी जग दाखवण्याची कल्पना प्रौढांची आहे. साठवून ठेवण्याची, आठवणीची चिंता मोठ्यांना असते. मुलाला त्या दिवशी कदाचित फक्त खाट आणि औषधांचा वास यांच्यापासून सुटका हवी असेल. अरुण नलावडे यांनी आजोबा इतक्या संयमाने उभे केले आहेत, आणि अश्विन चितळे या मुलाने परशुरामचा राग व आक्रोश इतक्या सच्चेपणाने दाखवला आहे, की ही शंका चित्रपट पाहताना मनात येत नाही, नंतर येते. एक गोष्ट मात्र निःसंशय श्रेयाची आहे. चित्रपट मृत्यूवर संपत नाही. मूल जगते, काळा चष्मा लावून घरी परतते. जगलेल्या आजारी मुलाला आपल्या कथेत जागा मिळण्यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले.

येथवर जे लिहिले ते मी कदाचित वीस वर्षांपूर्वीही लिहू शकलो असतो. न लिहिण्याचे कारण संकोच हे होते. १९९४ साली माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिच्या डोळ्यांखाली सकाळी सूज दिसू लागली. मूत्रपिंडांतून प्रथिने वाहून जाण्याचा तो आजार होता. मुलांमध्ये तो अपूर्व नाही, बहुतेकांचा वयाबरोबर मागे पडतो. पण तोवर वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उलटतो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला, मीठ बंद झाले, तीनदा रुग्णालयात राहावे लागले. त्यांपैकी पहिल्या वेळी सुई टोचण्यापूर्वी तिने मला विचारले, आणि मी सांगितले की डॉक्टर नुसते पाहणार आहेत. त्यानंतर पुढली दोन-अडीच वर्षे ती असा कोणताही प्रश्न मला विचारीत नसे; तिच्या आईला विचारी. आई सांगे, “दुखेल. मी दहा अंक मोजीन, तोवर दुखेल.” आणि ती खरोखरच मोजी. ज्या आठवड्यात ही फसवणूक माझ्या हातून झाली त्याच आठवड्यात मी एम.ए.च्या वर्गात ‘डाकघर’ शिकवीत होतो आणि अमलची खिडकी म्हणजे मोक्ष, असे फळ्यावर लिहीत होतो. त्या व्याख्यानांची टिपणे आजही माझ्यापाशी आहेत. त्यांत माधवाविषयी एक ओळ आहे: ‘अज्ञानाचे प्रतीक’.

या घटनेमुळे एक वाङ्मयीन उणीव मला उशिरा दिसली. वर उल्लेखिलेल्या कलाकृतींत मुलाबरोबर कोण आहे ते पाहावे. भगत, माधव दत्त, बर्ड, परशुरामचे आजोबा. सगळे पुरुष. मुलाला डॉक्टरकडे नेणारा, दारात वाकणारा, सही करणारा, पळून जाणारा माणूस साहित्याने टिपला. परशुरामची आई कथेच्या कडेला उभी आहे. भगताची म्हातारी आपल्याला भेटते ती उत्तरार्धात, झोपडीत. डोलीजवळ ती नाही. ‘डाकघर’मध्ये तर अमलच्या बोलण्यातून एवढेच कळते की तिकडे आत्या जात्यावर डाळ भरडते आणि तिथवर जाऊन बसण्याचीही त्याला मनाई आहे. ती रंगभूमीवर एकदाही येत नाही. गडकऱ्यांनी आईला बोलते केले, पण मूल गेल्यानंतर.

प्रत्यक्षात मुलांच्या कोणत्याही वॉर्डात शिरावे आणि मोजावे. ब्रिटनमध्ये मुलाजवळ आईबापांना राहू द्यावे अशी शिफारस करण्यासाठी १९५९ साली एका समितीला अहवाल लिहावा लागला. त्यापूर्वी तेथे ठरावीक भेटीच्या वेळांतच मूल पाहायला मिळे. आपल्या सरकारी रुग्णालयांत हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण परिचारिका इतक्या थोड्या की आई नसेल तर मुलाचे करणार कोण? ती खाटेवर मुलाच्या पायथ्याशी अंग मुडपून झोपते, किंवा खाटेखाली चटई टाकून. सलाईनची बाटली संपत आली हे तिलाच आधी दिसते. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे पथ्य तिला पाठ असते. रात्री शेजारच्या खाटेवरून मूल उचलून नेले तर सकाळी आपल्या मुलाला काय सांगायचे, हे तिला एकटीला ठरवावे लागते. ‘श्वास’मधला सांगण्याचा प्रश्न तिच्यापुढे रोज उभा असतो, आणि त्याचे उत्तर ती कोणाला न विचारता देते. या बोलण्याचा आपल्या कथा-कादंबरीत पुरता आढळ नाही.

जात्याचा उल्लेख आला म्हणून सांगावेसे वाटते. अमलची आत्या मराठी मुलखात असती तर दळताना तिने ओवी म्हटली असती. आपल्या ओव्यांत तान्ह्याचे कौतुक आहे, त्याला लागलेली दृष्ट आहे, माहेरचा वैद्य आहे, देवीला केलेली विनवणी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. तो ठेवा आता सर्वांना उपलब्ध आहे. आजारी मुलाच्या उशाशी जागणाऱ्या बाईचे शब्द शोधायचे तर त्या संकलनातून आरंभ करावा लागेल, छापील कवितासंग्रहांतून नव्हे. जाती गेली, आणि ओवीची जागा कशाने घेतली याचा शोध आपण घेतला नाही.

आमच्या घरी ती जागा एका शंभर पानी वहीने घेतली होती. रोज सकाळी मुलीची लघवी परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. ती निवळ राहिली तर बरे, दह्यासारखी गढूळ झाली तर आजार उलटला. माझी पत्नी हे सहा वर्षे करीत होती. वहीत तारीख, वजन, गढूळपणाचे प्रमाण अधिक-चिन्हांत, गोळ्यांची संख्या, ताप असल्यास ताप. वहीचे रकाने पट्टीने आखलेले आहेत. अशा चार वह्या आहेत. मुलगी तेराव्या वर्षी पूर्ण बरी झाली, आता तिला स्वतःची मुलगी आहे, आणि गेल्या वर्षी घर आवरताना तिने त्या वह्या मागून नेल्या. नेण्यापूर्वी मी त्या प्रथमच संपूर्ण वाचल्या. चाळीस वर्षे संहिता वाचण्याचा व्यवसाय केलेल्या माणसाने आपल्याच घरातली एक संहिता उघडली नव्हती, हे लिहून ठेवणे भाग आहे. त्यांत कुठेही भावना व्यक्त केलेली नाही. फक्त दुसऱ्या वहीत, १९९६ च्या श्रावणातल्या एका पानावर, तीन अधिक-चिन्हांच्या पुढे लहान अक्षरांत लिहिले आहे की पापडाचा तुकडा मागत होती, दिला नाही, मग दोघींनी मिळून पापडाचे चित्र काढले. त्याखालच्या ओळीपासून पुन्हा आकडे सुरू होतात.